ताज्या बांगड्याची पाठ

रिक्षा आमच्या वाडीच्या तोंडाशी वळली आणि समोरून माणसं येताना दिसली. रिक्षावाल्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. तेव्हा मला कळलं, माझ्यासाठी थांबणार होते ते थांबलेले नाहीत. पुण्याहून निघाल्यापासून माझा चुलतभाऊ बंड्या मेसेज करत होता, "ये सावकाश, आम्ही आहोत". साखरप्याला गाडी थांबली तेव्हापण "आम्ही आहोत"... आणि आता हे सगळे निघालेले. पुढे बाबा, हातात विस्तवाचं मडकं, ते बाजारातलं, लाल. मागे चौघांच्या खांद्यावर माझी बेबीआत्या. आणि तिच्या बाजूने बंड्या, बगलेत पाण्याचं मडकं धरून. ऊन कललेलं होतं. ते त्या मडक्यावर पडलं आणि मडकं चमकलं... काळं, मग निळसर, जरासं हिरवट, परत काळं. आत्याचा चेहरा बघायच्या आधी मी ते मडकं बघितलं. हे लिहिताना मला लाजबिज वाटत नाहीये. तिने पण आधी मडकंच बघितलं असतं.

मला बघून त्यांनी तिरडी खाली ठेवली, तेवढं तरी केलं. मी वाकले, तिच्या कपाळाला हात लावला, आणि उठून सरळ बंड्याकडे गेले. "हे कुठून घेतलंस?" "मागच्या पडवीतनं. काकांनीच, तुझ्या बाबांनी, काढून दिलान." "हे नको. दुसरं घे. हे फोडायचं नाही." "अगो, पाणी हाय त्यात, सोड..." मी मडक्याला दोन्ही हात घातले. तो ओढतोय, मी ओढतेय, पाणी माझ्या ड्रेसवर, रस्त्यावर, त्याच्या चपलांवर. "बाबा, हे मडकं नको! बाबा!" बाबांनी मागे वळून बघितलं. विस्तवाचा धूर त्यांच्या तोंडावर येत होता. डोळे बारीक केले आणि परत पुढे बघायला लागले. मोठ्या काकीने, म्हणजे बंड्याच्या आईने, मला मागून धरलं आणि सगळ्यांना सांगितलं, "रडू दे तिला, भारी जीव होता आत्यावर." मी रडत नव्हते हो! मी भांडत होते! पण मेलेल्या माणसामागे बाईमाणूस ओरडलं की ते रडणंच असतं, दुसरं काही असूच शकत नाही. नाक्याच्या पुढे आमच्याकडे बायका जात नाहीत. मलाही जाऊ दिलं नाही. पुढे काय होतं ते सगळ्यांनाच माहीत आहे. अग्नी देणारा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरतो, कोणीतरी दगडाने त्याला भोक पाडतं, धार लागते, आणि शेवटी मडकं न बघता मागे टाकून द्यायचं. न बघता! हे मात्र आमच्या घराला बरोबर जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच स्मशानात गेले. कोणाला विचारलं नाही. तिथल्या माणसाने हातातला खराटा दाखवला आणि म्हणाला, "झाडून झालं सगळं ताई. कायतरी दागिना राहिला का?" मी म्हटलं, हो. कुठे टाकता खापऱ्या? त्याने खाडीकडे हात केला. भरती होती.

आणि मग घरी माणसं यायला लागली. पुढच्या पडवीत खुर्च्या मांडलेल्या, आणि जो येईल त्याला कोणीतरी ती गोष्ट सांगायचंच. "तिच्याच हातचं मडकं दिलं तिच्याबरोबर. भावानेच काढून दिलान." की समोरचा डोळे पुसायचा. "किती छान केलंत हो." किती छान! ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'मातीची लेक मातीत मिसळली', खाली हात जोडलेले पंचवीस-तीस. आणखी कोणीतरी लिहिलं, 'शांत आणि मनमिळाऊ स्वभावाच्या'. मी फोन भिंतीवर फेकणार होते. बेबीआत्या मनमिळाऊ नव्हती! ती खडूस होती, तोंडाळ होती, तिला कोणाचंही मन मिळवायचं नव्हतं. शांत तर ती झोपेतसुद्धा नव्हती, घोरायची. आणि ती मातीची लेक वगैरे नव्हती, टायपिंग क्लासची बाई होती. निदान एवढं तरी बरोबर लिहा ना...

म्हणून मी लिहितेय. आणि एवढं भरभर लिहितेय ते तिनेच शिकवलं म्हणून. आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण, लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहायची. स्टँडजवळ एका माडीवरच्या क्लासमध्ये ती मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवायची, आणि रत्नागिरीतले निम्मे कारकून तिच्या हाताखालून गेलेत. मी शाळेत होते तेव्हा ती मला सुट्टीत तिकडे घेऊन जायची. बोटांवर नॅपकिन टाकायची. "मने, बघायचं नाही. बोटांना बघू दे." चुकलं की नॅपकिनवरूनच टपली. मग सगळीकडे कॉम्प्युटर आले, क्लास बंद झाला, मशीनं भंगारात गेली. आणि आत्या घरी बसली. म्हणजे घरच्यांना वाटलं, बसली. महिनाभर ती नुसती टेबलावर बोटं वाजवायची, जेवताना ताटाच्या कडेवर, टीव्ही बघताना गुडघ्यावर. आई म्हणाली, "अहो, तुमच्या बहिणीला काहीतरी काम द्या, नाहीतर मला वेड लागेल." एके दिवशी ती कोणाला न सांगता एसटीने एका कुंभारमामांकडे गेली आणि संध्याकाळी परत आली ती कोपरापर्यंत चिखल घेऊन. "मने," मला म्हणाली, "यात पण बघायचं नसतं गो! बोटंच बघतात!"

चाकावर तिचा हात बसला, पण लाल मडकी करण्यात तिला काही रस नव्हता. झालं असं की, त्या मामांच्या भट्टीतून एकदा एक मडकं अर्धं काळं निघालं. त्यांनी ते बाजूला फेकलं. आत्याने उचललं. "हे फुकट गेलंय बाई," मामा म्हणाले, "धूर कोंडला आत. काळं झालेलं कोण घेतं?" आत्या म्हणाली, "मी." आणि त्यानंतर तिला काळंच पाहिजे होतं. नुसतं काजळीसारखं नाही, हाताला लागणारं नाही... धातूसारखं. वरून रंग फासलेलं चालणार नाही, मातीच तशी झाली पाहिजे. मी एकदा नेटवर बघून म्हटलं, अगं, बाजारात मिळतात तसे लेप, आणायचे आणि लावायचे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी परत ते नाव काढलं नाही.

आता हे मला सांगायचंच आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण हे तिच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही. आमच्या रत्नागिरीत समुद्रांना रंगावरून नावं आहेत, एक पांढरा समुद्र आणि एक काळा समुद्र. काळ्या समुद्राची वाळू खरंच काळी, त्यात लोखंडाचा अंश. आत्या फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि ओहोटीला वाळूवरून फिरवायची. वाळूची मिशी फुटायची पिशवीला. मग चुंबक काढलं की मिशी डब्यात. लोकांना वाटायचं, बाईची अंगठी हरवलीये, शोधायला मदत करायचे बिचारे! ती वाळू पाट्यावर पिठासारखी वाटायची, खाडीच्या मातीत कालवायची, ओढणीतून गाळायची (माझी ओढणी, नवी), आणि तो पातळ लेप मडक्याला द्यायचा. मडकं जरा सुकलं, चामड्यासारखं झालं, की सागरगोट्याने घासायचं. तासन् तास. मग मागीलदारी पत्र्याच्या पिंपात भाजायचं, आधी लाकडं, आणि ऐन तापावर काजूची टरफलं आणि भाताचं तूस आत लोटून सगळी तोंडं चिखलाने लिंपून टाकायची. आत हवा नाही, नुसता तेलकट धूर, तो मातीत शिरतो. आणि मग थांबायचं. पिंप गार होईपर्यंत हात लावायचा नाही, आधी उघडलं तर हवा शिरते आणि सगळं परत लालसर, डागाळलेलं. पहिल्यांदा पिंपातून असला धूर निघाला की मोठी काकी शेजारच्या दारातून पाण्याचा पाइप घेऊनच धावत आली. "बेबी, बाजूला सर! आग लागलीय!" आणि ओतलं पाणी तापल्या पिंपावर. आतून लाह्या फुटल्यासारखे आवाज आले. एकूण एक मडकं गेलं. आत्याने पाइप काकीच्या हातातून घेतला आणि सरळ काकीवर धरला. मनमिळाऊ म्हणे!

तिला नक्की कसलं काळं पाहिजे ते तिला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. बिडाचा तवा? "छे, तो मठ्ठ असतो." बंदुकीची नळी? "मी कधी बघितलीय बंदूक?" मग एक दिवस रुकय्याचाची आली. चाची मिरकरवाड्याची, आमच्या दारावर मासळी घेऊन यायची, आजीच्या वेळेपासून. टोपलीवरचं फडकं तिने काढलं आणि आत्या ओरडली, "हे! हे पाहिजे मला!" "किती देऊ?" चाची म्हणाली. टोपलीत बांगडे होते, नुकते उतरलेले. आत्याने एक उचलला आणि उन्हात फिरवत बसली, पोटाची चांदी नाही, पाठ... ती काळी-निळी-हिरवी पाठ. चाचीला वाटलं गिऱ्हाईक खोट काढतंय. "बाय, आजचा हाय! कल्ला बघ!" "कल्ला नको चाची, पाठ बघतेय." त्या दिवशीपासून आमच्याकडे मापच ठरलं. पिंप उघडलं की आत्या मडकं उन्हात धरणार आणि निकाल देणार. "शिळा." "दोन दिवसांचा." "बर्फातला." एकदा नुसतं, "सुका!" आणि मडकं अंगणात.

असे शिळे बांगडे तिने इतके काढले की मागच्या पडवीची फळी भरली, मग जमीन भरली. आणि ती सगळी मागच्या पडवीतच. हेच, हेच मला सांगायचंय. एकही काळं मडकं माजघराच्या पुढे टिकलं नाही, टिकू दिलं नाही. तिची फार इच्छा होती, तोंडाने खडूसपणे म्हणायची पण इच्छा होती, की एक तरी आपलं मडकं पुढच्या पडवीत ठेवावं, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं. एकदा तिने ठेवलंही, खुर्चीशेजारी, त्यात केवड्याचं पान खोचून. बाबांनी ऑफिसातून येऊन चप्पल काढता काढता बघितलं. रागावले नाहीत, ते रागावत नाहीत कधी, ते त्याहून वाईट करतात, ते समजावतात. "ताई, काळं मडकं घरात शोभत नाही गं." आत्या म्हणाली, "मग कुठे शोभतं रे, बाळ्या?" बाबांनी मडकं उचलून मागे नेऊन ठेवलं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं काळं मडकं कुठे शोभतं असं लोक म्हणतात ते. तिलाही माहीत होतं. तिला फक्त भावाच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे भांडता आलं असतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. ते त्यांनी ती गेली त्या दिवशी दिलं, बंड्याच्या बगलेत.

गणपतीत तर मागच्या पडवीवर चादर. बाहेरून मुंबईकर येणार, कोणी परसात हात धुवायला गेलं तर काय म्हणतील, म्हणून आई आणि काकी मिळून फळीवर जुनी चादर टाकायच्या, आणि आत्या आरतीला सगळ्यात पुढे उभी राहून सगळ्यात मोठ्याने ओरडायची, मुद्दाम, अर्धा स्वर वर. एक बिल्डर आला होता मध्ये. त्याला कोणीतरी सांगितलं, इथे काळी मडकी मिळतात. डझनभर पाहिजे होती, बांधकामावर उलटी टांगायला, दृष्ट लागू नये म्हणून. बाबा खूश झाले, पहिल्यांदाच कोणीतरी मागत होतं. आत्या हात पुसत बाहेर आली, त्याच्या मोबाइलवरचा बिल्डिंगचा फोटो नीट झूम करून बघितला आणि म्हणाली, "याला कोणाची दृष्ट लागणार? आंधळ्याची?" तो गेला. बाबा तिला म्हणाले, "ताई, माणसाने मागितलं तर द्यावं." ती म्हणाली, "बघायला मागितलं असतंन तर दिलं असतं. त्याला लोकांनी बघू नये म्हणून पाहिजे होतं."

आणि मग गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, ते आलं. मी रजेवर घरी होते. पिंप उघडलं, तिने हात घातला, एक काढलं, शिळा, दुसरं काढलं, शिळा, आणि तिसरं काढलं. उन्हात धरलं. फिरवलं. परत फिरवलं. मी म्हटलं, काय गं? तिने मला गप्प केलं आणि कोमट असतानाच त्याच्यावर मुठेल चोळायला बसली. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, थंडीत पाय फुटले की लावतो ते. चोळता चोळता आतून ते चढत आलं... काळं, निळसर, हिरवट. मला ते फोटोत पकडता येईना, वीस-पंचवीस काढले, सगळ्यांत नुसतं काळं मडकं दिसतं. ते बघायला ऊन लागतं आणि मडकं नाहीतर आपण, कोणीतरी हलायला लागतं. चाची आली त्या दिवशी. आत्याने ते तिच्यापुढे धरलं. "चाची, ताजा की शिळा?" चाचीने टोपली उतरवली, अंगठ्याने मडकं दाबलं, खरंच दाबलं, नाकाशी नेलं, आणि म्हणाली, "आजचा हाय. बर्फ नाय लागलेला." मी आत्याला तेवढं हसताना कधी बघितलं नव्हतं, दात काढून ठेवलेले होते ते पण विसरली.

मग तिने मला बाबांना बोलवायला पाठवलं. मॅच चालू होती. बाबा म्हणाले, येतो. मी परत गेले. बाबा आले, मागच्या दारात उभे राहिले, उंबऱ्याच्या अलीकडे, एक कान टीव्हीकडे. आत्या मडकं हातात घेऊन उन्हात बसलेली. "झालं का तुझ्या मनासारखं? छान." आणि गेले. ते 'छान' मला अजून ऐकू येतं. पोस्टमनला म्हणतात तसं. आत्याने मडकं फळीवर ठेवलं, सगळ्यांच्या पुढे, आणि त्यावर कधी चादर टाकू दिली नाही. पुढच्या पडवीचं नाव परत काढलं नाही. परत तसं करायला ती सारखी बसली, तीच वाळू, तीच टरफलं, सगळं तेच, पण परत आलं नाही. एकच होतं ते. सगळ्या मागच्या पडवीत एकच!

बाराव्याला माणसं जेवून गेली आणि मी बाबांना पकडलं. पुढच्या पडवीतच. कोणीतरी जाता जाता परत "छान केलंत हो" म्हणून गेलं होतं आणि ते मान हलवत होते. मी म्हटलं, "बाबा, एवढी मडकी होती. तेच का?" ते म्हणाले, "तिच्या हातचं जावं तिच्याबरोबर असं वाटलं मला." "मग दुसरं कुठलंही द्यायचं. फुटकी होती, शिळी होती, ढीग होता. तेच का उचललंत?" मला वाटलं म्हणतील, मला काय माहीत, मला सगळी सारखीच. त्याच्यासाठी मी तयार होते, त्यावर काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. पण ते म्हणाले, "तेच सगळ्यात चांगलं होतं ना? म्हणून."

म्हणजे त्यांना दिसत होतं! तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय? त्यांना दिसलं होतं. त्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे, एक कान टीव्हीकडे ठेवून उभे होते तेव्हाच दिसलं असणार, नाहीतर त्या गर्दीत, त्या घाईत, तिरडी बांधत असताना माणूस मागे जाऊन एवढ्या काळ्या मडक्यांतून नेमकं तेच कसं उचलेल? मी ओरडले. एवढ्या मोठ्याने की काकी शेजारून आली. "मग तिला का नाही सांगितलंत? दोन शब्द! 'हे सगळ्यात चांगलं आहे.' तिला सांगायला काय झालं होतं? तुमच्या तोंडून हवं होतं तिला, चाचीच्या नाही, माझ्या नाही!" बाबा म्हणाले, "अगं, घरातल्या माणसाला काय सांगायचं असं..." काकी म्हणाली, "मनू, बापाशी असं बोलतात?" मी म्हटलं, हो, बोलतात, घरातल्या माणसाशी बोलतात! कारण आमच्या घरात चांगलं बोलायचं ते माणूस तिरडीवर असताना, आणि चांगलं द्यायचं ते फोडायला. पुढच्या दारातून ते मडकं एकदाच बाहेर पडलं. एकदाच पुढच्या पडवीतून गेलं. आणि सगळे म्हणतात, छान.

बाकीचे म्हणतात, मनू, माणूस गेलं आणि तू मडक्याचं काय घेऊन बसलीस. माणूस म्हातारं होतं, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचायच्या आत गेलं, त्यात कोणाची चूक नाही, त्यावर मी कोणाशी भांडणार? मडक्यावर भांडता येतं. चाची आली दिवस झाल्यावर, टोपली न घेता, डोक्यावरचा पदर सारखा करत मागीलदारी बसली, आईने चहा दिला. फळीकडे बघून म्हणाली, "ते मडकं कुठं हाय?" आईने सांगितलं. चाची कपबशी हातात धरून म्हणाली, "आजचा मासा कोण टाकतं काय गो?" आणि चहा तसाच ठेवून गेली. तेवढं एकच माणूस 'छान' म्हणालं नाही.

हे सगळं मी मागच्या पडवीत, तिच्या पाटावर बसून टाइप करतेय, लॅपटॉप मांडीवर. समोर तिचं शेवटचं मडकं आहे, कच्चं, न भाजलेलं. त्या सकाळी ती हे घासत होती. खालून वर घासत यायची ती नेहमी, हे निम्म्यापर्यंत आलंय. खालचा भाग चकाकतो, त्याच्यावर एक तिरकी रेघ, हात जिथे उठला तिथे, आणि वर सगळी खरखरीत कोरडी माती. आई म्हणते, तुला येतं ना, तू पुरं कर. नाही होत. ओलसर असतानाच घासायचं असतं, वाळलं की ती वेळ गेली, कितीही घासा, नुसती धूळ निघते. पाणी लावलं तर तडकेल. भाजलं तर असंच भाजलं जाईल, अर्धं.

काल दुपारी बाबा आले. उंबरा ओलांडून आत आले आणि जमिनीवर उकिडवे बसले, त्यांचे गुडघे वाजले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मने, ही खालची बाजू चकाकते नि वरची नाय... ते कशामुळे गो?"

मला येत होतं उत्तर. सागरगोटा समोरच पडला होता, उचलून हातात दिला असता तर कळलं असतं. मी म्हटलं, "ती इथेच बसलेली असायची, बाबा. तिला विचारायचं होतंत." त्यांनी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते कळलं नाही. उठले पण नाहीत. मडक्याला हात न लावता मान इकडून तिकडे करून, ऊन कुठून लागतंय ते बघत राहिले. आईने आतून हाक मारली, पानं घेतलीत, भात निवतोय. परत मारली. मी लॅपटॉप बंद केला आणि जेवायला गेले. बाबा आले नाहीत.